जांभळ्या रंगाची ग्रंथी (समुद्री गोगलगायी)

म्युरिसिडी कुळातल्या समुद्री गोगलगायींची श्लेष्मा स्रवणारी ग्रंथी. प्राचीन काळी भूमध्य समुद्राकाठच्या टायर, सिडॉन या फिनिशियन शहरांत हिच्याच स्रावापासून राजवस्त्रांचा जांभळा रंग काढत. हे कूळ खाऱ्या पाण्यातले. कोल्हापुरात पंचगंगेकाठी किंवा रंकाळ्यात सापडणाऱ्या गोगलगायींपासून हा रंग मिळत नाही; इथल्या विद्यार्थ्याला या कुळातले प्राणी पाहायचे तर आंबा घाट किंवा गगनबावडा उतरून, ओहोटीची वेळ साधून कोकणातले खडक गाठावे लागतात.

शंखाच्या आत शरीराला वेढणारे मांसल आवरण असते, त्याला प्रावार म्हणतात. प्रावाराच्या आतल्या छतावर, कल्ला (श्वसनाचा अवयव) आणि गुदांत्र (आतड्याचा शेवटचा भाग) यांच्यामध्ये, फिकट रंगाचा लांबट पट्टा दिसतो. हीच अधःक्लोम ग्रंथी. चिकट श्लेष्मा सोडून आत आलेला गाळ गुंडाळणे हे तिचे रोजचे काम.

जिवंत ग्रंथीत जांभळा रंग नसतोच. बहुतेक वर्णनांत नेमकी हीच गोष्ट सुटते, म्हणून इथे ठासून सांगायला हवी. तिच्यात असते ते ब्रोमीनयुक्त रंगहीन द्रव्य, आणि ते फोडणारे विकर (एन्झाइम) त्यापासून अलग साठवलेले असते. ग्रंथी फाटली की दोन्ही एकत्र येतात. कापडावर पुसलेला डाग आधी पिवळट, मग हिरवा आणि उन्हात धरला की जांभळा होतो. हिरव्या टप्प्यावरचे द्रव्य म्हणजे टायरिव्हर्डिन. उजेडाने ते फुटताना गंधकयुक्त वाफ सुटते, तिला लसणासारखा उग्र दर्प असतो. या साखळीतली काही मधली द्रव्ये जिवाणूंना मारक असतात. काही जातींच्या अंड्यांभोवतीच्या कोशांतही ती आढळतात; तेव्हा त्यांचा उपयोग पिल्लांच्या रक्षणासाठी होत असावा, असे मानायला जागा आहे.

तयार होणारा रंग निळीचा सख्खा भाऊ आहे. निळीच्या रेणूला ब्रोमीनचे दोन अणू जोडले की हा रेणू होतो. त्यामुळे रंगवण्याची रीतही निळीसारखीच: रंग पाण्यात विरघळत नाही, म्हणून आंबवलेल्या अल्कधर्मी द्रावात त्याचे क्षपण करायचे (म्हणजे रासायनिक बदल घडवून तो विरघळेल असा करायचा), त्यात सूत बुडवायचे आणि वर काढून हवा लागू द्यायची. क्षपण झालेल्या द्रावावर ऊन पडले तर ब्रोमीन गळतो आणि कापड जांभळ्याऐवजी निळे होते.

रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्रीडलेंडर यांनी १९०९ मध्ये या रंगाची रासायनिक ओळख पटवली. त्यासाठी १२,००० गोगलगायी लागल्या आणि हाती आला १.४ ग्रॅम रंग. महाद्वार रोडवरच्या दुकानात आज सहज मिळणाऱ्या जांभळ्या साडीमागे एकाही गोगलगायीचा जीव जात नाही, हे कृत्रिम रंगांचे मोठेच उपकार.

मेक्सिकोच्या वाहाका किनाऱ्यावरचे मिश्टेक या मूळ रहिवासी समाजातले रंगारी मात्र गोगलगाय मारत नाहीत. ते तिला खडकावरून सोडवतात, तिचा स्राव सुताच्या लडीवर पिळून घेतात आणि तिला पुन्हा ओल्या खडकावर ठेवतात.