घरातील बुरशी

घरातील बुरशी : इमारतीच्या आत भिंती, छत, लाकूड, कापड, कागद किंवा चामडे यांवर ओलाव्यामुळे वाढणारी सूक्ष्म कवके. क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम, ॲस्परजिलस आणि अल्टरनेरिया या प्रजाती विशेष आढळतात. भिंतीवर काळपट-हिरवट ठिपके दिसण्याच्या कितीतरी आधी कुबट वास येऊ लागतो. बुरशी वाढताना हवेत सोडत असलेल्या बाष्पशील संयुगांचा तो वास असतो.

बुरशीचे बीजाणू, म्हणजे जिच्यापासून नवी बुरशी उगवते ते सूक्ष्म कण, बाहेरच्या हवेत बाराही महिने असतात आणि दारे-खिडक्यांतून, कपड्यांना चिकटून आत येतात. बीजाणूच नाहीत असे घर नसते. त्यांना लागणारे अन्नही घरात मुबलक असते : धूळ, रंग, वॉलपेपरची खळ, जिप्समच्या फळ्यांवरील कागद. अडते ते फक्त पाण्यावाचून. पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेला हिस्सा) साधारण ८० टक्क्यांवर टिकून राहिली की बीजाणू रुजू लागतात. यात महत्त्व पृष्ठभागाला आहे. खोलीचे तापमान २० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर १५ अंशांच्या थंड भिंतीलगत तीच हवा ८० टक्क्यांपुढे जाते. कपाटामागे, पलंगाच्या डोक्याशी आणि बाहेरच्या भिंतींच्या कोपऱ्यांत बुरशी प्रथम धरते ती यामुळेच. तिथे वाराही खेळत नाही. गळके छत, झिरपणारे नळजोड आणि पायातून वर चढणारी ओल ही ठळक कारणे झाली. पण अंघोळ, स्वयंपाक आणि घरात वाळत घातलेले कपडे यांच्या वाफेने ओलावलेली घरेही कमी नसतात, आणि तिथे गळती शोधत बसण्यात वेळ वाया जातो.

आरोग्यावरील परिणाम मुख्यतः श्वसनमार्गावर होतात : शिंका, चोंदलेले नाक, चुरचुरणारे डोळे, खोकला, घरघर. ज्यांना दमा आहे त्यांचा तो बळावतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल व बुरशीविषयी मार्गदर्शिका काढली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, श्वसनसंसर्ग आणि दम्याची तीव्रता यांचा धोका वाढतो, याला पुरेसा पुरावा असल्याचे तीत म्हटले आहे. हवेत किती बीजाणू चालतील याचा आकडा मात्र तिने दिलेला नाही, कारण तसा आकडा ठरवता आलेला नाही. म्हणून हवेचे नमुने तपासून घेण्यावर पैसे घालवणे बहुधा निरर्थक ठरते. बुरशी डोळ्यांना दिसते किंवा वास येतो, एवढे निदान पुरे. क्वचित अतिसंवेदनशील फुप्फुसदाह, म्हणजे ॲलर्जीमुळे फुप्फुसांना येणारी सूज, होतो. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांत ॲस्परजिलसचा संसर्ग प्राणघातक ठरू शकतो.

‘विषारी काळी बुरशी’ म्हणून बदनाम झालेली स्टॅकिबॉट्रिस चार्टेरम सतत भिजलेल्या कागदावर, पुठ्ठ्यावर वाढते. कोविडच्या साथीत गाजलेल्या म्युकरमायकोसिसशी तिचा संबंध नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे १९९३-९४ मध्ये काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि संशय हिच्यावर गेला. पण अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने फेरतपासणीनंतर २००० मध्ये हा संबंध सिद्ध होत नसल्याचे सांगितले. भीती मात्र टिकून राहिली. शिवाय रंगावरून बुरशीची जात ओळखता येत नाही, आणि काढायची तर कोणतीही एकाच रीतीने.

ती रीत पाण्यापासून सुरू होते. गळती बंद करणे, दमट हवा बाहेर काढणारा पंखा बसवणे, सामान भिंतीपासून हातभर दूर ठेवणे, घरातील आर्द्रता ६० टक्क्यांखाली आणणे ही कामे आधी. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली, तर बहुधा बुरशी धरतच नाही. सुमारे एक चौरस मीटरपर्यंतचा डाग घरच्या घरी निघतो : एन-९५ मुखपट्टी, हातमोजे आणि चष्मा घालून साबणाच्या पाण्याने घासायचे आणि पृष्ठभाग पूर्ण कोरडा करायचा. कोरडी बुरशी झाडूने झाडली, तर बीजाणू घरभर उडतात. ब्लीचवर लोकांचा भरवसा फार. पण मेलेले बीजाणूही ॲलर्जी देतात, म्हणून मारण्यापेक्षा काढून टाकणे महत्त्वाचे. ब्लीच वापरायचेच तर अमोनिया किंवा आम्ल असलेल्या द्रवात ते कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. गादी, गालिचा, खोलवर बुरसटलेले जिप्सम टाकूनच द्यावे लागते. डागावर रंग मारल्यास काही दिवसांत पोपडे निघतात.

भाड्याच्या घरात यातील बरेचसे काम घरमालकाच्या हाती असते. इंग्लंडमधील रॉचडेल येथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये दगावला. घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्काने जडलेला श्वसनविकार हे कारण २०२२ च्या मृत्युचौकशीत नोंदवले गेले. त्यानंतर २०२३ च्या कायद्यात, सामाजिक गृहयोजनांतील घरमालकांनी अशा तक्रारी ठरावीक मुदतीत निवारण्याची तरतूद त्याच्या नावाने करण्यात आली.