करिष्मा, दौलत आणि म्होरक्या

निवडणुका आल्या की नेत्याचा 'करिष्मा' मथळ्यांत चढतो. कानाला तो जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने समाजशास्त्रात रुजवलेला ग्रीक शब्द 'कॅरिझ्मा'च वाटतो. पण आपला करिष्मा, खरं तर करिश्मा, उर्दूच्या वाटेने आलेला फारसी शब्द. आणि फारसीत 'करेश्मे' म्हणजे नखरा, डोळ्यांचा लाडिक इशारा! दोन परके शब्द सारखे ऐकू आले आणि अर्थही एकमेकांत मिसळले.

नेत्याच्या तेजाला इराणात जुना शब्द आहे 'फर्र', म्हणजे अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातलं 'ख्वरेनह'. हे तेज कमावलेलं नसतं, लाभलेलं असतं, म्हणून जातंही. अवेस्तातल्या झम्याद यश्त या स्तोत्रात यिम राजा खोटं बोलतो आणि त्याचं तेज पक्ष्याच्या रूपाने उडून जातं. हा यिम म्हणजे वेदांतला यम, आणि पुढे शाहनामा या फारसी महाकाव्यातला जमशेद. तिथे तो स्वतःलाच देव म्हणवून घेतो आणि फर्र गमावतो. इराणच्या सासानी राजघराण्याचा संस्थापक अर्दशीर पळत असताना मात्र हेच तेज मेंढ्याच्या रूपात त्याच्या मागोमाग येतं.

पश्चिम आफ्रिकेत, मालीतल्या बाम्बारा भाषेत अशा छाप पाडणाऱ्या वलयाला 'दावुला' म्हणतात. शब्द ओळखीचा वाटतो ना? अरबी 'दौला'चंच ते रूप दिसतं. त्या धातूचा अर्थ फिरणं, पालटणं. फेरा आपल्या बाजूने फिरला की भाग्य, आणि भाग्यापाठोपाठ सत्ता. 750 मध्ये उमय्या खलिफांना हटवणाऱ्या अब्बासी घराण्याने आपल्या राजवटीला हाच शब्द लावला. फारसी कवितेत 'दौलत' म्हणजे सुदैव, आजच्या इराणात सरकार. मराठीतही 'मराठी दौलत' म्हणजे राज्यच होतं. आता उरली ती संपत्ती. 1327 मध्ये देवगिरीचं दौलताबाद झालं, ते या सगळ्या अर्थांसकट.

नेतृत्वाचे शब्द त्या मानाने साधे. बाम्बारात 'कुंतिगी' म्हणजे डोक्याचा धनी, आणि 'न्येमॉगॉ' म्हणजे पुढचा माणूस. 'न्ये' म्हणजे डोळा, चेहरा, समोरची बाजू. आपला पुढारी अगदी तसाच. म्होरक्याही तसाच, फक्त हल्ली तो टोळीचा असतो. फारसीत 'पेश' म्हणजे पुढे, त्यातूनच 'पेशवा'. 1674 च्या राज्याभिषेकानंतर या पदाला 'मुख्य प्रधान' हे संस्कृत नाव मिळालं. बाजीरावाच्या शिक्क्यातही तेच आहे, लोकांच्या तोंडी मात्र तो पेशवाच राहिला.