डोक्यावरची तीन टनांची बॅटरी

संध्याकाळी सातला शेजारच्या काकांकडे डोकावलं, की एप्रिल-मेमध्ये दृश्य ठरलेलं. काका घामाघूम, हातात एसीचा रिमोट, त्यावर आकडा १६. "लवकर गार होतं रे." नाही होत. खोली ३४ अंशांवर असताना १६ लावा नाहीतर २४, कॉम्प्रेसर सुरुवातीला पूर्ण ताकदीनेच पळतो. १६ लावणं म्हणजे त्याला 'थांबूच नकोस' म्हणून सांगणं.

पण मला काकांच्या आकड्यापेक्षा त्यांची वेळ जास्त खुपते. ३० मे २०२४ला देशाची विजेची मागणी २ लाख ५० हजार मेगावॉटवर गेली, तोवरचा उच्चांक. दुपारी निदान सौर वीज हाताशी असते. सूर्य कलला की ती उतरते आणि नेमके तेव्हाच सगळे काका घरी येऊन रिमोट शोधतात. ही वेळ निभावून न्यायला कोयनेची जनित्रं धावतात. घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पात खालचं पाणी वर चढवून ठेवतात ते अशाच तासांसाठी. एवढं करून आमच्या गल्लीतली डीपी मे महिन्यात एकदा तरी उडतेच.

घाटघरसारखा साठा घरात करता येईल का? येतो. पाण्याचा नाही, गारव्याचा.

१० बाय १२ फुटांची खोली घ्या. तिच्यातली सगळी हवा तोलली तर भरेल जेमतेम ३७ किलो. डोक्यावरचा १२ सेंटीमीटर जाडीचा स्लॅब मात्र तीन टनांहून जड. (हा वजनाचा टन. एसीचा 'टन' म्हणजे २४ तासांत एक टन बर्फ वितळवायला लागेल तेवढी उष्णता ओढण्याची ताकद.) किलोमागे काँक्रीट आणि हवा जवळपास सारखीच उष्णता धरतात. म्हणजे एक अंशाने गार करायला हवेपेक्षा स्लॅबला पाऊणशे पट कष्ट. हवा गार करणं ही चिल्लर झाली, एसीचं खरं काम भिंती आणि स्लॅब निववण्याचं. तीन अंशांनी स्लॅब उतरवायला एक टनाच्या एसीला साधारण ४० मिनिटं पूर्ण ताकदीने चालावं लागतं. तेवढा गारवा मग त्यात साठलेला असतो.

आता माझ्या आवडीचा भाग. गारवा काँक्रीटमध्ये चालत नाही, झिरपतो. आणि झिरपण्याचा हिशोब वर्गमुळाने चालतो. १० मिनिटांत तो सुमारे २ सेंटीमीटर आत पोचतो, दोन तासांत ७ सेंटीमीटर. वेळ १२ पट, अंतर साडेतीनपट. दुप्पट खोल जायचं तर चौपट वेळ द्यावा लागतो, घाई करून उपयोग नाही. म्हणूनच १० मिनिटं एसी लावून बंद केला की खोली लगेच तापते: फक्त वरची साल गार झालेली असते, आतली ऊब तिला पुन्हा गाठते. दोन-अडीच तास चाललेल्या खोलीत बंद केल्यावरही बराच वेळ बरं वाटतं, कारण छत आणि भिंतीच आपल्या अंगची उष्णता शोषत बसलेल्या असतात.

तेव्हा चार ते सहा एसी २४वर, खिडक्या-पडदे बंद. सहानंतर २७वर आणि पंखा. गर्दीच्या तासांत कॉम्प्रेसर अधूनमधूनच जागा होतो. दुपारी माणसं असतातच अशा ऑफिसांत तर हे आणखी सोपं.

यात एकूण युनिट वाचतील असं मात्र समजू नका. बाहेर ऊन असताना एसीला जास्त झगडावं लागतं, युनिट थोडे वाढूही शकतात. इथे वीज वाचत नाही, तिची वेळ हलते. ज्यांना टीओडी, म्हणजे तासांप्रमाणे बदलणारे, दर लागू आहेत, त्यांना तेवढ्याचेही पैसे मिळतात, कारण दिवसाची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग. पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर स्लॅबशी तुमचा संबंधच तुटला, उरल्या भिंती आणि फरशी. आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर आधी गच्चीला पांढरा रंग किंवा चायना मोझेक. तिथला स्लॅब दिवसभर उन्हाने भरलेली उलटी बॅटरी असतो, संध्याकाळी पंखा तीच ऊब अंगावर टाकतो.

बिल निम्मं करणारा म्हणून प्लगमध्ये खोचायचा एक खोका विकतात, काकांनी तोही आणलाय. आत असतो एक कपॅसिटर आणि एक दिवा. घरगुती मीटर जी वीज मोजतो, तिच्यात त्याने काडीचा फरक पडत नाही. स्लॅब तर फुकट मिळालेला आहे.

काकांना हे सगळं सांगितलं. म्हणाले, "चारला घरी असतं कोण?" रिमोटवर टायमरचं बटण असतं, मी दाखवलं. ते अजून कोरं करकरीत आहे. तापमान खाली नेणारा बाण मात्र झिजून पार पुसला गेलाय.