केशर : एका नावाची पार्श्वभूमी

बाळाच्या नावांच्या याद्यांमध्ये 'केशर' या नावापुढे बहुतेक एकच अर्थ दिलेला असतो : सुगंधी, मौल्यवान मसाला. हा अर्थ बरोबर आहे, पण तो या शब्दाच्या प्रवासातला शेवटचा टप्पा आहे. मुलीसाठी हे नाव मनात असेल, तर त्याआधीचे टप्पेही माहीत असावेत, इतके ते सुंदर आहेत.

संस्कृतात 'केसर' म्हणजे मुळात केस, आयाळ. आयाळ असलेला तो केसरी, म्हणजे सिंह. हनुमानाच्या वडिलांचे नाव केसरी. टिळकांचे १८८१ साली सुरू झालेले वृत्तपत्रही सिंह याच अर्थाने 'केसरी' आहे. पुढे हाच शब्द फुलाच्या आतल्या केसांसारख्या तंतूंना लागला. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात केसर शब्द कमळाच्या तंतूंसाठी येतो, बकुळीच्या झाडासाठीही येतो. मात्र आज आपण ज्याला केशर म्हणतो, त्याला अमरकोशाचा शब्द आहे 'कुंकुम'. त्याचे पर्यायही तिथे दिले आहेत : काश्मीरजन्म, अग्निशिख, बाह्लीक वगैरे. काश्मीर आणि बाह्लीक म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातले बाल्ख, हा माल कुठून येई ते या दोन नावांतच कळते.

मग मसाल्याला 'केसर' कसे म्हणू लागले? याची खूण बिल्हणाच्या एका श्लोकात सापडते. अकराव्या शतकातला हा काश्मिरी कवी चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या दरबारात, कल्याणीला येऊन राहिला होता. आपल्या काव्यात तो म्हणतो की कवितेचे विलास हे 'कुंकुमकेसरां'चे सख्खे भाऊ असले पाहिजेत, कारण शारदेचा देश, म्हणजे काश्मीर, सोडून दुसरीकडे कुठेच ते उगवलेले मला दिसले नाहीत. इथे दोन्ही शब्द जोडीने आले आहेत : कुंकुम हे फुलझाड, केसर हे त्याचे तंतू. वापरायचे ते तंतूच असल्याने पुढे नुसते 'केसर' म्हटले तरी पुरू लागले. इकडे 'कुंकुम' शब्द मराठीत कुंकू होऊन हळदीपासून बनणाऱ्या लाल पुडीकडे गेला. 'कुंकुम' हेही मुलीचे नाव आहे, आणि जुन्या अर्थाने पाहिले तर ती केशरचीच बहीण.

त्या फुलाबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण नावाचे मोल तिथून आले आहे. जांभळ्या फुलात लाल तंतू तीनच असतात. ते हाताने खुडून, वाळवून एक किलो केशर व्हायला साधारण दीड लाख फुले लागतात. झाडाला बी धरत नाही. माणसाने कंद काढून पुन्हा लावले तरच ते टिकते. म्हणजे आज काश्मीरच्या पांपोर भागात फुलणारे प्रत्येक फूल कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले आहे. कल्हणाने बाराव्या शतकात राजतरंगिणी या काश्मीरच्या राजांच्या इतिहासकाव्यात काश्मीरची वैभवे मोजली, त्यात विद्या, उंच घरे, थंडगार पाणी आणि द्राक्षे यांच्याबरोबर कुंकुमही आहे. शाळेत आपण पुंकेसर आणि स्त्रीकेसर शिकतो. केशराचे तीन तंतू हे स्त्रीकेसराचे टोक, त्याची कुक्षी. मुलीच्या नावाला याहून नेमका आधार कुठला मिळणार!

मसाल्यावरून मुलीचे नाव ठेवणे ही अलीकडची टूम नाही. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने 'मालतीमाधव' या संस्कृत नाटकात मालतीच्या सखीला लवंगिका हे नाव दिले आहे. वेलदोड्याच्या संस्कृत नावावरून आलेले 'एला' आजही ऐकू येते. पण यांतले घराघरांत रुळलेले नाव केशरच. आयाळीची शाखा मुलग्यांकडे गेली : केसरी, केसरीसिंह. फुलाची मुलींकडे आली : केशर, केशरबाई, गुजरात-राजस्थानकडे केसरबा, केसरकुंवर.

या नावाला सर्वांत मोठा मान मिळवून दिला तो सूरश्री केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांनी. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या आणि अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकलेल्या या गायिकेची भैरवीतली 'जात कहाँ हो' ही ध्वनिमुद्रिका १९७७ साली अंतराळात गेलेल्या नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्ण तबकडीत निवडली गेली. भारतीय संगीतातून निवडलेली ती एकमेव. केसरबाई हे नाव आपल्या पणज्यांच्या पिढीत रोजच्या हाकेचे होते. नंतर ते जुनाट वाटून मागे पडले, याचे मला मनापासून वाईट वाटते. आता 'बाई' गळून नुसते केसर किंवा केशर परत येत आहे, हे चांगलेच.

राहिला प्रश्न लेखनाचा. संस्कृत कोशांत स आणि श दोन्ही रूपे आढळतात. मराठीत मसाल्यासाठी 'केशर' रूढ आहे, नावात दोन्ही चालतात. पदार्थ म्हणून 'ते केशर', मुलगी म्हणून 'ती केशर'. जन्मदाखल्यावर मात्र एकच रूप ठरवून तेच शेवटपर्यंत ठेवावे.