शेती-व्यवसाय स्वयंसेवा

परदेशी जाऊन तिथल्या लहान शेतकऱ्यांना शेती धंद्याच्या हिशेबाने करण्यास मदत करण्याचे विनावेतन काम. नेदरलँड्समधील 'पम' (1978) आणि जर्मनीतील 'एसईएस' (1983) या संस्था प्रामुख्याने निवृत्त तज्ज्ञ पाठवतात. अमेरिकेचा 'फार्मर टू फार्मर' कार्यक्रम 1985 च्या शेती कायद्यातून उभा राहिला. मुक्काम सहसा दोन-चार आठवड्यांचा असतो. प्रवास आणि राहण्याचा खर्च सहसा स्वयंसेवकावर पडत नाही, आणि काय शिकायचे ते स्थानिक गट किंवा सहकारी संस्था ठरवते.

मराठवाड्यासारख्या कोरडवाहू भागात अशा पाहुण्याला आधी समजून घ्यावी लागते ती उचल. पेरणीला आडत्याकडून पैसे घ्यायचे आणि मळणी झाली की माल त्याच्याच आडतीवर घालायचा, ही इथली जुनी चाल. 'भाव चढेपर्यंत सोयाबीन ठेवा' हा सल्ला म्हणूनच अर्धवट ठरतो. उचल अंगावर असलेल्याला थांबता येत नाही. त्याला राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना सांगावी: बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. ओलाव्याचेही तसेच. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला 12 टक्क्यांची मर्यादा आहे (2024 च्या हंगामात ती 15 पर्यंत सैल केली होती). परतीच्या पावसात भिजलेली सोयाबीनची गंजी घाईने मळली, तर केंद्रावरचे यंत्र माल परत पाठवते. वाळवायला ताडपत्री आणि चार दिवसांचे ऊन लागते; त्या चार दिवसांचा खर्च मांडणे हाच खरा धडा.

हिशेबातली मोठी गळती घरच्या मजुरीची आहे. कृषी मूल्य आयोग खर्च तीन पातळ्यांवर मोजतो: ए-2 म्हणजे प्रत्यक्ष केलेला खर्च, त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की ए-2 अधिक एफएल, आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरचे व्याजही धरले की सी-2. शेतकरी बहुधा पहिल्यावरच थांबतो. खुरपणीला घरची बाई राबली, तर तिचा रोज कुठेच लिहिला जात नाही आणि तोट्यातले पीक फायद्याचे दिसते.

कंपनी कायद्यातील 2002 च्या दुरुस्तीने 10 उत्पादकांनाही शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते. ताळेबंद वाचणारे संचालक मात्र थोडे, आणि पाहुणा महिन्याभरात परततो. वही चालवणारे माणूस गावातच हवे. महिला बचत गटांत वर्गणी आणि कर्जफेडीची नोंद बैठकीतच होते. तेव्हा प्रशिक्षणाला पहिली गटाची सचिव बसवावी.