फ्रंट लोडर : सांध्यांचे वंगण आणि देखभाल

ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेले, माती, खडी, शेणखत किंवा चाऱ्याचे गठ्ठे उचलणारे यंत्र म्हणजे फ्रंट लोडर. दोन बाहू, टोकाला बकेट आणि त्यांना हलवणारे हायड्रॉलिक सिलिंडर ही त्याची मुख्य अंगे. ती एकमेकांना पिन आणि बुशच्या सांध्यांनी जोडलेली असतात. बाहू जिथे उभ्या खांबांवर टेकतात तिथे दोन, बकेटच्या बिजागरीचे दोन आणि चार सिलिंडरांच्या दोन्ही टोकांचे आठ असे धरले, तरी साध्या लोडरवरही बारा सांधे भरतात. बकेट आडवी राखणारी जोडणी असेल तर आणखी जास्त. लोडरचे आयुष्य इंजिनापेक्षा या सांध्यांवर अधिक अवलंबून असते आणि दुर्लक्षही त्यांच्याकडेच सर्वांत जास्त होते.

बुश म्हणजे बाहूच्या भोकात घट्ट ठोकलेले जाड नळकांडे. त्यातून पिन आरपार जाते. झिजायचेच असेल तर सहज बदलता येणारा भाग झिजावा, म्हणून बुश घालतात. पिन आपल्या जागी फिरू नये यासाठी तिच्या एका टोकाला बोल्टने अडकवलेली पट्टी असते. हा बोल्ट किरकोळ वाटतो, पण तो तुटला की पिन बुशऐवजी बाहेरच्या कानांमध्ये, म्हणजे पिनची टोके धरणाऱ्या भोकाच्या पट्ट्यांमध्ये, फिरू लागते. तिथे सहसा बुश नसतो. कानाचे भोक लांबट होते आणि मग वेल्डिंग करून ते पुन्हा बोअर करण्यावाचून मार्ग उरत नाही. ग्रीसची गन हातात असताना प्रत्येक लॉक बोल्टवरही नजर टाकावी, ती एवढ्यासाठी.

या सांध्यांना साधे तेल का पुरत नाही, हे त्यांच्या हालचालीत दडलेले आहे. वेगाने फिरणारा शाफ्ट तेल स्वतःच पाचरीसारखे आत ओढतो आणि तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो. लोडरचा सांधा कधी पूर्ण फेरा घेत नाही. प्रचंड भाराखाली तो थोडासा झुलतो, थांबतो, उलटा झुलतो. अशा हालचालीत पापुद्रा टिकत नाही आणि धातू धातूला टेकतो. म्हणून इथे उच्च दाब सहन करणारी द्रव्ये मिसळलेले ग्रीस वापरतात. त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे घन वंगण असल्यास उत्तम. उत्पादक त्याचे प्रमाण बहुधा ३ ते ५ टक्के सुचवतात. ग्रीसचा घट्टपणा साधारणपणे एनएलजीआय २ (ग्रीसचा घट्टपणा सांगणारी प्रमाणित मोजपट्टी) या श्रेणीचा असतो : २५° सेल्सिअसला घोटलेल्या ग्रीसमध्ये प्रमाणित शंकू २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुतला पाहिजे. ग्रीसचा प्रकार बदलताना जुने पूर्ण बाहेर काढावे. लिथियम आणि पॉलियुरिया यांसारखे ग्रीसला घट्ट करणारे वेगवेगळे घटक एकत्र आल्यास ग्रीस बऱ्याचदा पातळ होऊन गळून जाते.

ग्रीसचे दुसरे काम माझ्या मते पहिल्याइतकेच मोलाचे आहे, ते म्हणजे धूळ बाहेर ठेवणे. वाळूतील क्वार्ट्‌झचा कण कठीण केलेल्या पोलादापेक्षाही कठीण असतो. असे कण जुन्या ग्रीसमध्ये मिसळले की त्याचे पॉलिश पेपरसारखे काम सुरू होते. कडेने बाहेर आलेल्या ग्रीसचे कडे आत येणारी माती तिथेच अडवते. ते गलिच्छ दिसते म्हणून रोज लख्ख पुसू नये. वाळलेला, मातीने माखलेला थर तेवढा काढावा.

बऱ्याच माहितीपुस्तिकांमध्ये दर १० तासांच्या कामानंतर ग्रीस भरायला सांगितलेले असते, काहींत ५० तासांनी. नेमका आकडा आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. चिखलात, पाण्यात किंवा बारीक धुळीत काम असेल तर रोज भरावे. दाबाच्या पाण्याने लोडर धुतल्यावर लगेच भरावे, म्हणजे आत शिरलेले पाणी बाहेर ढकलले जाते.

भरताना बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करावे, हायड्रॉलिकचा दाब सोडावा. उचललेल्या बाहूंखाली यांत्रिक आधाराशिवाय कधीही जाऊ नये. निप्पलचे, म्हणजे सांध्यात ग्रीस भरायच्या छोट्या झडपेचे, तोंड आधी पुसावे, नाहीतर त्यावरची माती गन स्वतःच आत ढकलते. मग कडेने स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत दाबत जावे. एक गोष्ट सहसा सुटते : ग्रीस मोकळ्या बाजूला जाते, भार असलेल्या बाजूला नाही. त्यामुळे थोडे भरावे, इंजिन सुरू करून बाहू आणि बकेट हलवून घ्यावेत, पुन्हा खाली टेकवून सगळे बंद करावे आणि उरलेले भरावे.

ग्रीस आत जात नसेल तर गनवर आणखी जोर लावणे धोक्याचे आहे. हातगनचा दाब कित्येकशे बारपर्यंत चढतो. फाटलेल्या नळीतून सुटलेले ग्रीस कातडी भेदून आत शिरू शकते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी ती तातडीची शस्त्रक्रिया लागणारी दुखापत असते. अशा वेळी निप्पल काढून पाहावे. त्यातली गोळी अडकली असेल तर निप्पल बदलावे. निप्पल ठीक असूनही मार्ग बंद असेल तर पिन काढून तिच्यातले भोक आणि बुशमधली खाच साफ करावी.

झीज ओळखायला जॅक आणि पहार पुरते. ट्रॅक्टर स्थिर ठेवून बकेटच्या कडेखाली पहार घालून हलवले की कोणत्या सांध्यात ढिलाई आहे ते दिसते. बकेटच्या बिजागरीपासून सुरुवात करावी, कारण ती सदैव मातीत असते. एकेका सांध्यातली ढिलाई थोडी वाटते, पण बकेटच्या धारेपाशी सगळ्यांची बेरीज होते आणि सपाटीकरणात धार नेमकी राहत नाही. सांध्यातून लालसर तपकिरी भुकटी पडत असेल तर तो कोरडा चालला आहे. कर्कश आवाज येऊ लागेपर्यंत बरीच झीज झालेली असते. आडव्या ढिलाईसाठी वायसर घालता येतात. गोलाई बिघडलेल्या बुशवर मात्र ग्रीस वाढवून काही साधत नाही, तो बदलावाच लागतो.

लोडरचा भार ट्रॅक्टरच्या पुढच्या अ‍ॅक्सलवरही येतो. त्याची मधली पिन आणि चाकांच्या किंगपिन (ज्यांभोवती पुढची चाके वळतात त्या पिन) या ग्रीसच्या फेरीत धराव्यात, आणि मागे योग्य वजन लावावे. बराच काळ लोडर उभा करून ठेवताना सगळे सांधे ताज्या ग्रीसने भरून, सिलिंडरचे दांडे शक्य तितके आत घ्यावेत. जे बाहेर उरतील त्यांच्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवावा आणि काम पुन्हा सुरू करण्याआधी तो पुसून टाकावा, नाहीतर त्यावर बसलेली धूळ सीलपाशी ओढली जाते.