सोबतीचे चार डोळे

संध्याकाळी ताईला शिवणाच्या क्लासला जायचं असलं की आजी मला हाक मारायची, ‘‘जा रे, सोबतीला.’’ मी तेव्हा चौथीत. स्वतःची चड्डी सावरताना माझी त्रेधा उडायची, वाटेत कुणी आडवं आलं असतं तर मी काय दिवे लावणार होतो? माझं सगळं लक्ष कोपऱ्यावरच्या बोराच्या गाडीकडे. पण आजीचा हिशोब तितका भाबडा नव्हता. नवरीसोबत जाणाऱ्या बाईला आपण पाठराखीण म्हणतो. तीही काही तलवार घेऊन जात नाही. सोबत ताकदीसाठी नसते, आणखी दोन डोळ्यांसाठी असते.

या दोन डोळ्यांचं मोल अमेरिकेतल्या एका विदूषकाने मोजून दिलं आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमच्या विद्यापीठात इरा हायमन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भर चौकात एकचाकी सायकलवर एक विदूषक फिरवला. जांभळा-पिवळा झगझगीत पोशाख, गोल लाल नाक. चौक ओलांडून आलेल्यांना मग सरळ विचारलं, विदूषक पाहिलात का? एकट्याने चालणाऱ्यांपैकी ५१ टक्के ‘हो’ म्हणाले. गाणी ऐकत जाणाऱ्यांपैकी ६१. जोडीने चालणाऱ्यांपैकी ७१. आणि फोनवर बोलत चाललेल्यांपैकी फक्त २५! हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला.

जोडीचा आकडा कागदावर ताडून बघा. एकट्याची नजर चुकण्याची शक्यता ४९ टक्के. दोघांचीही एकाच वेळी चुकायची, तर ४९ टक्क्यांचे ४९ टक्के, म्हणजे साधारण २४. उरलेल्या ७६ टक्के वेळा दोघांपैकी एकाला तरी विदूषक दिसणार आणि तो दुसऱ्याला कोपराने ढोसून ‘ते बघ’ म्हणणार. प्रत्यक्षातले ७१ याच्या जवळपासच आहेत. मधले पाच गप्पांत गेले असावेत, असा आपला माझा अंदाज.

रात्री एकटं चालताना अनेक मुली घरच्यांना फोन लावून बोलत राहतात. ‘पोचेपर्यंत बोलत राहा’ असं आपणच सांगतो. कुणीतरी ऐकतंय हे वाटेत त्रास देऊ पाहणाऱ्याला कळतं, एवढा त्याचा उपयोग आहेच. पण शेजारच्या माणसाला रस्ता दिसतो, फोनवरच्याला दिसत नाही. बस अंगावर आली की शेजारचा वाक्य अर्धवट सोडतो. फोनवरची आई मात्र भाजीत मीठ घातलं का, हे विचारतच राहते. मोटार चालवणाऱ्यांच्या बाबतीत हा फरक यूटा विद्यापीठातल्या प्रयोगांत स्पष्ट दिसला. बाजूला बसलेला माणूस रहदारी बघून बोलणं आवरतं घेतो, तीच गोष्ट फोनवर घडत नाही. त्यामुळे सोबत फोनवरचीच असेल तर लाइव्ह लोकेशन पाठवून फोन पर्समध्ये टाकलेला बरा. अडचण आलीच तर ११२ आहे.

डोळ्यांचं दुसरं काम साक्षीचं. ‘गर्दीत कुणी मदतीला येत नाही’ हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते खरंच वाटतं. लँकेस्टर, ॲमस्टरडॅम आणि केपटाऊन इथल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासून २०१९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. दहापैकी नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलंच होतं. कुणी हात धरला, कुणी दोघांच्या मध्ये जाऊन उभं राहिलं. बघे जितके जास्त, तितकी ही शक्यताही जास्त. म्हणूनच वाट दहा मिनिटांनी लांबली तरी चालेल, दुकानं उघडी असलेल्या रस्त्याने जावं.

हीच सोबत रस्ता ओलांडताना मात्र घात करते. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात संशोधकांनी पादचाऱ्यांवर नजर ठेवली. शेजारचा माणूस निघाला की आपणही पाऊल टाकण्याची शक्यता दीड ते अडीच पट वाढते, असं त्यांना आढळलं. काहीजण तर अर्ध्यातून परत फिरले. आपल्याकडे याला संशोधन लागत नाही. एक म्हणतो ‘चल’, दुसरा गाडी न बघताच निघतो, पहिल्याला तेवढ्यात रिक्षा दिसते आणि तो म्हणतो ‘थांब’. मग दोघं दुभाजकाच्या अलीकडे एकमेकांचे हात ओढत उभे! चार डोळ्यांचे तिथे दोनच होतात, आणि तेही गोंधळलेले.

फुटपाथचीही एक गंमत आहे. फ्रान्समधल्या एका पाहणीत दिसलं की मोकळी जागा असली की सोबती एका ओळीत, खांद्याला खांदा लावून चालतात. गर्दी झाली की तिघांतला मधला किंचित मागे पडतो, म्हणजे सगळ्यांना एकमेकांची तोंडं दिसतात. थोडक्यात, माणसं गप्पांना सोयीची रचना करतात, सुरक्षेला सोयीची नव्हे. रस्त्यांचे निकष ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था फुटपाथला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगते. त्यात दोघं आरामात मावतील. पण वाटेत लावलेल्या दोन स्कूटर आणि भेळेची गाडी आली की जोडीतला बाहेरचा गप्पा न तोडता रस्त्यावर उतरतो, आणि वाहनांकडे बहुधा त्याची पाठ असते. २०२२ साली भारतातल्या रस्त्यांवर ३२,८२५ पादचारी मरण पावले. फुटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं, एकामागे एक चालावं. गप्पा थोड्या वेळाने होतील.

ताई आता साठीला आली. परवा कर्वे रस्त्यावर आम्ही दोघं सिग्नलला उभे होतो. गाड्या थांबल्या, मी ‘चल’ म्हणून पाय टाकला, आणि तिने बाही धरून मला मागे खेचलं. उलट्या दिशेने आलेली एक दुचाकी माझ्या पिशवीला घासून गेली.

‘‘कुठं बघतोस?’’ ती म्हणाली. ‘‘बोरं दिसली वाटतं!’’